यादीची शेवटची ओळ

पोंचक्या खाताना राजकारण करायचं नाही, असा हेलन आजीचा नियम होता. हेलनला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून झारेम्बांच्या घरात हा नियम दरवर्षी मोठ्या भक्तिभावाने मोडला जात होता.

या वर्षी मोडण्याचा मान लेनने घेतला. उद्या राखेचा बुधवार; उद्यापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस देवासाठी काहीतरी सोडायचं, म्हणून आज आधीच सगळं खाऊन घ्यायचं, असा तो थोर मंगळवार. त्यासाठी त्याने दवाखाना दुपारीच बंद केला, टेबलावरच्या खोक्यातून रास्पबेरीच्या मुरंब्याची तळलेली गुबगुबीत पोंचकी उचलली आणि पिठीसाखरेने पांढऱ्या झालेल्या मिशीतून जाहीर केलं, "शेवटची ओळ घातलीच पाहिजे. विमा आहे तो."

"कसला विमा? मला कोणी काही सांगेल का?" जेनी म्हणाली. जेनी म्हणजे लेनची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. पहाटे डेट्रॉइटलगतच्या पोलिश वस्तीत, हॅमट्रॅमकला जाऊन बर्फात बेकरीपुढच्या रांगेत उभं राहून ही खोकी तिनेच आणली होती, त्यामुळे आज टेबलावरच्या प्रत्येक गोष्टीवर तिचा हक्क होता. माणसांवरसुद्धा.

"मी सांगतो," लेन म्हणाला.

"तू नको सांगूस. तू सांगितलंस की मला गुडघा दुखल्यासारखं वाटतं. सिल्वी, तू सांग. बोलतेस ना तू?"

सिल्वी बोलायची, पण मोजकं. मिशिगनच्या वरच्या टोकाकडची, फिनिश घराण्यातली पोरगी. तिकडे म्हणे दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा उधळपट्टी समजतात. लेन आणि त्याची बायको लॉरेन यांच्या मुलाशी, कॉनरॅडशी, तिचं जूनमध्ये लग्न व्हायचं होतं. दोघेही डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. त्याला बापासारखा हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं, तिला लहान मुलांची. दोघांना रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं पुढचं प्रशिक्षण, एकाच गावात मिळावी म्हणून त्यांनी जोडीने अर्ज केला होता, आणि मुलाखत दिलेल्या इस्पितळांची पसंतीक्रमाने अंतिम यादी उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

"आमच्या दोघांची मिळून एकच यादी," सिल्वी म्हणाली. "प्रत्येक ओळीत दोन जागा. त्याची आणि माझी. कॉम्प्युटर वरून खाली येतो. ज्या ओळीतल्या दोन्ही जागा मिळू शकतात, तिथे थांबतो."

"आणि कुठेच नाही थांबला तर?"

"दोघेही घरी."

"लग्नं जुळवण्यातला प्रकार झाला की हा," जेनी म्हणाली. "आणि शेवटची ओळ?"

"ती अशी," लेनला राहवेना. "सगळ्या जोड्या फसल्या, तर तळाशी एक ओळ. कॉनरॅडला डेट्रॉइट, हिला काही नाही. म्हणजे निदान एकाचं तरी भलं होईल. आता घर जळावं म्हणून कोणी विमा काढतं का? तसंच हे."

"पण जळालं तर जळणार मी," सिल्वी म्हणाली.

"अगं, तुला काय कमी? पोरं काय, देशभर आजारी पडतात. तुला कुठेही जागा मिळेल."

"कुठेही मिळेल तर 'काही नाही' कशाला लिहायचं?"

लेन एकदम पोंचकीकडे वळला. मुद्दा अडला की तो खायचा. त्याच्या पोटाच्या घेराकडे पाहिलं तर तीस वर्षांच्या संसारात किती मुद्दे अडले, ते कळून येई.

लॉरेन कॉफीची भांडी मांडत हे ऐकत होती. खरं तर शेवटची ओळ लेनच्या डोक्यातून निघालेली नव्हती. लेनच्या डोक्यातून गुडघा आणि खुबा सोडून फारसं काही निघत नसे. मागच्या आठवड्यात भांडी पुसता पुसता ती लॉरेननेच सहज हवेत सोडली होती: "अशी एखादी ओळ घालता येते म्हणे." दोन दिवसांत लेनला ती स्वतःला सुचल्यासारखी वाटू लागली आणि तो ती पेशंटांना सांगत सुटला. नवऱ्याला पटवायची ही पद्धत लॉरेन सासूकडून शिकली होती. हेलनने याच पद्धतीने कॅझिमिर आजोबांना हे घर घ्यायला लावलं होतं.

लॉरेनला मुलगा घराजवळ हवा होता. यात लपवण्यासारखं काही नाही, असं ती स्वतःला बजावायची आणि तरीही लपवायची. त्या दोघांच्या यादीत वरच्या ओळी सगळ्या लांबच्या होत्या. रॉचेस्टर, ओमाहा, अल्बुकर्की. अल्बुकर्कीला म्हणे कॉफीबरोबरसुद्धा मिरच्या देतात. डेट्रॉइट पार खाली. म्हणून तिने हिवाळ्यात तळघर साफ करून घेतलं, रंग दिला, एक छोटी शेगडी बसवली आणि त्याला 'पाहुण्यांची खोली' असं नाव दिलं. झारेम्बांकडे रात्री राहणारा पाहुणा आजवर कोणी आला नव्हता. सगळे नातेवाईक गाडीने दहा मिनिटांवर राहत.

"माझं मत विचाराल तर," जेनी म्हणाली, आणि कोणी विचारायच्या आत पुढे बोलू लागली, "लेनचं बरोबर आहे. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. प्रेम खरं असेल तर टिकेल."

"हेच मी म्हणतोय! टिकेल!" लेन म्हणाला. "आणि मुलगी घरी बसली तर बिघडलं कुठे? लग्नाची तयारी होईल. नवीन घर लावता येईल."

"कुणाचं घर?" सिल्वीने विचारलं.

"आता तू शब्दात पकडायला लागलीस."

कॉनरॅड मान खाली घालून ताटलीतली साखर बोटाने गोळा करत होता. बापासारखे रुंद खांदे, आईसारखे कान. लहानपणी बिंग फुटलं की तो असाच बसायचा. लॉरेनला वाटलं, बापापुढे बोलत नाही बिचारा. मग वाटलं, होणाऱ्या बायकोपुढे बोलत नाही बिचारा. बिचारा एवढं मात्र नक्की होतं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून कॅझिमिर आजोबांचा आवाज आला. नव्वदीला टेकलेले, पण या घरातले पहिले डॉक्टर तेच. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे इतरांना ऐकू न येणारं बरंच काही त्यांच्या लक्षात यायचं.

"कॉनरॅड, तुला मुलाखतीला किती ठिकाणी बोलावलं?"

"चौदा!" लेन गरजला. "बाबा, किती वेळा सांगितलं! चौदा ठिकाणी! फादर स्टॅनना सांगितलं तर ते म्हणाले, आपल्या चर्चच्या अख्ख्या पॅरिशमध्ये एवढं कुणाला बोलावलं नव्हतं."

"मी त्याला विचारलं," आजोबा म्हणाले.

कॉनरॅडने वर बघितलं. आजोबांकडे नाही, बापाकडे नाही, सिल्वीकडे. आणि सिल्वीने पटकन खोकं पुढे सरकवलं. "आजोबा, तुमची प्लमची राहिली की. घ्या ना."

एवढंच झालं. आजोबांनी प्लमची पोंचकी घेतली. सुकवलेल्या प्लमचा तो काळा मुरंबा त्यांच्याशिवाय कोणी खात नसे. जेनीने साखर झटकली. लेन फादर स्टॅनचं पुढचं वाक्य सांगू लागला. पण लॉरेनच्या हातात कॉफीचं भांडं तसंच राहिलं. लेनच्या दवाखान्यात तीस वर्षं ती पुढच्या टेबलावर बसत आली होती. औषध वेळेवर घेतलं का, असं विचारल्यावर जो पेशंट बायकोकडे बघतो, त्याने ते घेतलेलं नसतं. आणि बायको लगेच हवापाण्याचं बोलू लागली, तर बाटलीचं बूचसुद्धा उघडलेलं नसतं.

ती म्हणाली, "सिल्वी, जरा आत ये. फ्रिजमधून दूध काढायचंय."

स्वयंपाकघरात तिने दार लोटून घेतलं. दूध दोघींनीही काढलं नाही.

"चौदा मुलाखती कुणाच्या?"

सिल्वी कप पुसू लागली. कप कोरडाच होता.

"त्याला विचारा."

"मी तुला विचारतेय."

"मग मी नाही सांगणार."

झालं, उत्तर मिळालं. लॉरेन स्टुलावर बसली. दोन तास बाहेर त्या पोरीला सोलत होते. मुलांचे डॉक्टर काय पैशाला पासरी, तू घरी बसलीस तर काय बिघडलं, प्रेम असेल तर टिकेल. आणि चौदा ठिकाणांहून बोलावणं आलेली ही बया कोरडे कप पुसत उभी होती, का, तर आमच्या दिवट्याची मान खाली जाऊ नये. वर्षभर लॉरेन हिला आढ्यतेखोर म्हणत आली होती. जेनीजवळ म्हणायची, लेनजवळ म्हणायची, एकदा तर पाव विकणाऱ्या बाईजवळसुद्धा म्हणाली होती.

"अगं, बाहेर तुला सोलताहेत, आणि तू गप्प?"

"सोलणारे दमतील," सिल्वी म्हणाली.

"झारेम्बा दमत नाहीत. मी तीस वर्षं वाट बघतेय."

सिल्वीच्या तोंडावर हसू यायच्या बेतात होतं, पण आलं नाही. ती कप घेऊन बाहेर गेली.

बाहेर, काय सोडणार ते सांगायची वेळ झाली होती. ही हेलनची दुसरी पद्धत, आणि ही मात्र कोणी मोडत नसे. पोंचक्या झाल्या की आजोबांपासून सुरुवात करून एकेकाने टेबलाशी उभं राहायचं आणि या चाळीस दिवसांत काय सोडणार ते सांगायचं. बोललेला शब्द परत घ्यायचा नाही, दुसऱ्याच्या सोडण्यावर वाद घालायचा नाही. घरच्या बाईची पाळी शेवटी, कारण ती तोवर कॉफी ओतत असते.

आजोबा उभे राहिले नाहीत. त्यांना माफ होतं. "साखर," ते म्हणाले. "डॉक्टरने बंद केलीच आहे. म्हणजे देवाचं काम फुकटात."

लेन उठला. "गोल्फ."

खिडकीबाहेर अंगणात गुडघाभर बर्फ होता. एप्रिलच्या आधी या भागात गोल्फचं मैदान कुणाच्या दृष्टीससुद्धा पडत नसे. पण वाद घालायचा नाही हा नियम होता, त्यामुळे सगळे त्यागाला मान देऊन गप्प राहिले.

जेनी म्हणाली, "दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसणं." हे ती दरवर्षी सोडायची. मागच्या वर्षी शुक्रवारपर्यंत टिकलं होतं.

सिल्वी उठली. "आम्ही लूथरन पंथाचे. आमच्याकडे असं काही सोडायची पद्धत नाही."

"काहीच नाही?" जेनीने नाक खुपसलं, बुधवार अजून उजाडायचा होता. "बाई, मग इथे कसं जमायचं तुझं? या घरात बायकांनी काही ना काही सोडावंच लागतं."

सिल्वी खाली बसली. आता कॉनरॅड उठला, आणि टेबलाला धरूनच उभा राहिला. लॉरेनने कॉफी ओतणं थांबवलं.

"खोटं बोलणं," तो म्हणाला.

"शाबास!" लेन म्हणाला.

"बाबा, थांबा. चौदा ठिकाणी सिल्वीला बोलावलंय. मला चार."

आजोबा बोटं चाटत होते.

"चर्चच्या पार्किंगमध्ये तुम्ही आमची गल्लत केलीत आणि फादरना सांगितलंत. मी तिथल्या तिथे सुधारायला हवं होतं. नाही सुधारलं. मग तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत आणि मला ते बरं वाटायला लागलं." त्याचा आवाज चिरकत होता, पण थांबला नाही. "तर शेवटची ओळ घालायलाच हवी, तुमचं बरोबर आहे. फक्त उलटी. तिला जागा, मला काही नाही. नाहीतर माझ्या चारांपायी तिच्या चौदा बुडतील. दोन आठवडे मी तिच्या विनवण्या करतोय. ती ऐकतच नाही."

लेन उठला, बसला, पुन्हा उठला. बाहेर कुठे बर्फ उपसायचं फावडं घासत होतं.

"हे बघ," तो म्हणाला, "असं घाईने ठरवायचं नसतं. लग्न झाल्या झाल्या ताटातूट? नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, हा काय संसार झाला?"

"आणि वर्षभर मुलगा नुसता बसून राहणार?" जेनी म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लग्नाची तयारी करेल," लॉरेन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही थोडं आश्चर्य वाटलंच होतं, पण एकदा तोंड उघडलं की मग काय.

"नवीन घर लावेल. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, लेन. प्रेम खरं असेल तर टिकेल. आणि विमा आहे तो. घर जळावं म्हणून कोणी विमा काढतं का?"

"ते मी वेगळ्या अर्थाने म्हणालो होतो."

"कुठल्या?"

लेनने खोक्याकडे पाहिलं. खोक्यात प्लमच्याच उरल्या होत्या. त्याने त्यातलीही एक उचलली.

जेनीचा मात्र पक्ष बदलायला फार वेळ लागत नसे; मुख्याध्यापिका होती ती, वारा ओळखायची. "तसं बघितलं तर," ती खुर्ची सिल्वीकडे सरकवत म्हणाली, "पोरीचं नुकसान होता कामा नये. चौदा म्हणजे काय खाऊ आहे? मी पहिल्यापासून म्हणतेय, ही मुलगी हुशार आहे. सिल्वी, घाल तू ती ओळ."

"नाही घालणार," सिल्वी म्हणाली.

"अगं, पण का?" कॉनरॅड जवळजवळ ओरडला. "दोन आठवडे विचारतोय! कारण तरी सांग!"

सिल्वीने पहिल्यांदाच लॉरेनकडे सरळ पाहिलं. डोळे निळे, थंड. रडत नव्हती, पण हनुवटी हलत होती.

"मला जागा मिळाली आणि याला नाही मिळाली, तर हा कुठे राहील, ते या घरात सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "मागच्या रविवारी मी कोट ठेवायला तळघरात गेले होते. चादरीसुद्धा घातल्यात. आणि पलंग एकट्याचा आहे."

लॉरेनच्या कानशिलात गरम वाफ आल्यासारखं झालं. खोली लहान आहे, मोठा पलंग मावला नसता, हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. दुकानदाराला तिने तेच सांगितलं होतं. पण खोलीत मोठा पलंग मावला असता. मापं तिनेच घेतली होती.

आणि त्याहून वाईट गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. आत्ता, कॉनरॅडने 'मला काही नाही' म्हटलं त्या क्षणी, पोराचा चेहरा पडलेला असताना, तिच्या पोटात आनंदाची उकळी फुटली होती. येईल. वर्षभर तरी घरी येईल. सकाळी शेगडीवर अंडी होतील, वर येऊन तो पेपर मागेल. आपल्या मुलाला कुठेच जागा मिळू नये, म्हणून आई मनात हात जोडते, आणि उद्या सकाळी हीच आई चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून घेणार. लॉरेनला स्वतःची अशी लाज वाटली की कॉफीचं भांडं तिने टेबलावर आदळल्यासारखं ठेवलं.

"माझी पाळी राहिलीय," ती म्हणाली.

"तू दरवर्षी कॉफीतलं दूधच सोडतेस," लेन म्हणाला. "लिहून घेतलं समज. आता आधी हे..."

आजोबांनी चमचा टेबलावर आपटला. "पाळी म्हणजे पाळी."

लॉरेन उभीच होती, तरी एप्रनला हात पुसून पुन्हा उभी राहिली.

"मी कॉनरॅडला सोडलं," ती म्हणाली.

"आई?"

"गप्प बस, मध्ये बोलायचं नाही. जागा मिळो न मिळो, तू इकडे यायचं नाहीस. हिला जिथे मिळेल तिथे हिच्या मागे जायचं. ओमाहा तर ओमाहा. हिला रात्रपाळी असेल तेव्हा डबा करून द्यायचास, आणि उरलेल्या वेळात अभ्यास करून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायचास. तळघराची किल्ली तुला मिळणार नाही. येऊन दार वाजवलंस तर मी उघडणार नाही." इथे तिचा आवाज फुटला. तिने नाक ओढलं आणि तो सांधून घेतला. "म्हणजे उघडेन. जेवायला घालेन. आणि परत पाठवेन."

"सोडलेलं ईस्टरला परत घेतात, सूनबाई," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते, पण ते म्हातारपणाने नेहमीच पाणावलेले असत.

"हे नाही घेणार मी, बाबा."

"हिचं डोकं फिरलंय!" लेन म्हणाला. "अगं, तीन पिढ्यांचा दवाखाना..."

"वाद घालायचा नाही," जेनी म्हणाली. "आईचा नियम आहे."

लॉरेन सिल्वीकडे वळली. एवढं सगळं बोलून झाल्यावर आता तिला भीती वाटत होती, की ही पोरगी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. ठेवावा असं वर्षभरात तिने काय केलं होतं?

"घाल ती ओळ," ती म्हणाली. "बाई, घाल. त्याला आता जायला दुसरी जागाच नाही."

सिल्वीने कॉनरॅडकडे पाहिलं, मग खोक्यातली उरलेली शेवटची प्लमची पोंचकी उचलली. दुपारपासून तिने काही खाल्लं नव्हतं. मोठा घास घेतला, नीट चावून गिळला.

"घालते," ती म्हणाली.

कॉनरॅड मटकन खाली बसला आणि त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. जेनीने जाहीरपणे रुमाल काढला. आजोबांनी खोकं रिकामं झाल्याचं पाहून सुस्कारा सोडला.

एकटा लेन हिशेब सुटत नसल्यासारखा उभा होता. चौदा गेले, दवाखाना गेला, फादर स्टॅनना आता तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होताच. शेवटी त्याला निदान एका ठोस वस्तूची आठवण झाली.

"आणि खालच्या नव्या पलंगाचं काय करायचं?"

"राहू दे," लॉरेन रिकामे कप उचलत म्हणाली. "ईस्टरपर्यंत तुला लागेल."